गुरूच्या चंद्राचे वण

सांगलीत हरभट रोडला विष्णुपंत आठल्ये यांचा फोटो स्टुडिओ होता आणि त्या स्टुडिओतून चाळीस वर्षांत एकही वण, तीळ किंवा मुरूम बाहेर पडला नव्हता. माणूस आत येताना चेहऱ्यावर काय वाटेल ते घेऊन येवो, फोटो मात्र तुळतुळीतच निघायचा. गिऱ्हाइकानं सांगायची गरज नसे, आणि नको म्हणायची तर सोयच नव्हती.

या कामाला रिटचिंग म्हणतात. काळ्या-पांढऱ्या फोटोची निगेटिव्ह एका उतरत्या पेटीच्या काचेवर ठेवायची, खालून उजेड घ्यायचा, डोळ्याला भिंग लावायचं आणि सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीनं माणसाचा चेहरा दुरुस्त करायला बसायचं. चेहऱ्यावरचा काळा डाग निगेटिव्हवर पारदर्शक दिसतो, तो पेन्सिलीनं भरायचा. पांढरा डाग तिथं काळा दिसतो, तो चाकूच्या टोकानं अलगद खरवडायचा. पेन्सिलीचं काम मनासारखं झालं नाही तर टर्पेंटाइननं पुसता येतं. चाकूचं झालं ते झालं.

विष्णुपंतांनी हे काम सुरू केलं तेव्हा देवी येऊन गेलेल्या मुली घरोघर होत्या. त्यांचे फोटो स्थळाला पाठवायचे तर विष्णुपंतांशिवाय गत नव्हती. मिरजेपासून वाईपर्यंतची निम्मी लग्नं आपल्या पेन्सिलीनं जमवली, असं ते सांगत. उरलेल्या निम्म्यांचं श्रेय ते चाकूला देत.

पण हाताला सवय लागली की हात माणूस आणि जनावर यांत फरक करत नाही. आटपाडीकडच्या सिद्धूनं एकदा जत्रेत बक्षीस मिळवलेल्या मेंढ्याला घेऊन सांगली गाठली आणि दोघांचा जोडीनं फोटो काढून घेतला. दोन वर्षांनी मेंढा चोरीला गेला, दुसऱ्याच्या कळपात सापडला, आणि सिद्धू पुरावा म्हणून फोटो घेऊन पोलिसांकडे गेला. तिथून तो थेट स्टुडिओत आला.

"आवं पंत, माज्या मेंढ्याच्या कानाची खूण कुटं गेली?"

"कान फाटला होता त्याचा. मी नीट केला," विष्णुपंत म्हणाले.

"फाटला न्हवता वं! म्या कापल्याला! आमची खूण हाय ती, आज्यापास्नं. आता फौजदार म्हंतोय, ह्यो मेंढा तुजा न्हाई, फोटूतला लय देखणा हाय."

यावर विष्णुपंतांना वाईट वाटायला हवं होतं. फौजदारानं मेंढ्याला देखणा म्हटलं एवढंच त्यांनी ऐकलं आणि ते महिनाभर खुशीत होते.

या सगळ्या कौतुकात एक माणूस मात्र कधीच सामील झालं नाही. ते म्हणजे त्यांच्या बायको, चारुलताबाई.

चारुलताबाई वाईच्या. सातव्या वर्षी त्यांना देवी आल्या आणि डाव्या गालावर वण ठेवून गेल्या. लग्नाचं वय झालं तेव्हा वडिलांनी त्यांना सांगलीला आणून फोटो काढला. स्टुडिओ तेव्हा दुसऱ्या कुणाचा होता आणि विष्णुपंत तिथे नोकरीला होते. त्यांनी तो गाल नेहमीप्रमाणे साफ करून दिला. तीन महिन्यांनी तोच फोटो फिरत फिरत स्थळ म्हणून त्यांच्याच घरी येऊन पोचला. आईला मुलगी पसंत पडली, थोरल्या भावाला पसंत पडली, आणि फोटोत नसलेलं सगळं माहीत असलेला मुलगा "मलाही पसंत आहे" म्हणाला. त्या काळात बायकोला पुरतं ओळखून लग्न केलेला सांगलीतला तो एकटाच नवरा असावा.

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. पण लग्नाचे फोटो धुऊन आले तेव्हा विष्णुपंतांनी त्यातलाही गाल साफ केला. पुढे दोन वर्षं मंगळागौर, डोहाळजेवण, बारसं, प्रत्येक फोटोत तेच. शेवटी एकोणीसशे एकोणसाठ साली चारुलताबाईंनी विचारलं, "तुम्हाला माझे वण इतके खुपतात?"

विष्णुपंत मोठ्या प्रेमानं म्हणाले, "छे गं! मी तर ते कधी पाहिलेसुद्धा नाहीत."

हे वाक्य त्यांना फार सुंदर वाटलं होतं. चारुलताबाईंनी ते अडतीस वर्षं लक्षात ठेवलं. "पाहिले नाहीत म्हणजे मलाच पाहिलं नाही," एवढं बोलून त्या जे कॅमेऱ्यासमोरून उठल्या ते पुन्हा बसल्या नाहीत. फोटोवाल्याच्या घरात बाईचा बाविशीनंतरचा एकही फोटो नाही, हे सांगूनही कुणाला खरं वाटलं नसतं.

शहाण्णवच्या दिवाळीनंतर थोरल्या वहिनी गेल्या आणि हे दुखणं पुन्हा वर आलं. तेराव्याला पाटावर मांडलेला वहिनींचा फोटो अर्थातच विष्णुपंतांच्या हातचा होता. वहिनींच्या माहेरची माणसं आली, जेवली आणि निघताना म्हणाली, ताईंचा फोटो कुठे ठेवलाय, नमस्कार करून जातो.

घरी परतल्यावर चारुलताबाईंनी मुलाला हाक मारली. शौनक आता स्टुडिओ बघायचा. त्यानं रंगीत फोटोचं मशीन आणलं होतं, आणि वडिलांना मागच्या डार्करूममध्ये त्यांच्या पेटीसकट राहू दिलं होतं.

"शौनक, मी गेले की माझा फोटो लावू नका."

"आई, काहीतरीच काय!"

"का लावायचा? घरात आहेत ते सगळे तुझ्या बाबांनी मनानं केलेल्या बाईचे आहेत. तिला मी ओळखत नाही. मी मेल्यावर तुम्ही तिला हार घालणार आणि मी बघत बसणार?"

विष्णुपंत आत पेटीशी बसून हे ऐकत होते. त्यांना राग आला नाही, भीती वाटली. आपण आधी गेलो तर प्रश्नच नाही, पण ही आधी गेली तर भिंत मोकळी राहील, आणि मोकळ्या भिंतीकडे बघत आपल्याला दिवस काढावे लागतील. त्यांनी त्याच आठवड्यात दोनदा विचारून पाहिलं. "बस की एकदा. मी हात लावत नाही." चारुलताबाई म्हणाल्या, "तुमचा हात तुमचं ऐकतो का?" विष्णुपंतांनी मनाशी शपथ घेऊन शौनकच्या एका गिऱ्हाइकाची निगेटिव्ह न सुधारता ठेवायचा प्रयत्न केला होता. दुपारपर्यंत त्या बिचाऱ्याच्या हनुवटीवरचा तीळ गेलेला होता.

अशात फेब्रुवारीत अश्लेषा पेंडसे आली. ती एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची. अठ्ठावीस तारखेला विज्ञान दिन होता, त्याचं प्रदर्शन तिच्या गळ्यात पडलं होतं. नोकरीचं पहिलंच वर्ष, त्यामुळे ती जरा धास्तावलेली असायची. तिनं पाकिटातून पोस्टकार्डाएवढी नऊ चित्रं काढली.

"पंत, हा कॅलिस्टो. गुरूचा एक चंद्र. गेल्या नोव्हेंबरात यानानं काढलेली चित्रं आहेत, पुण्याहून मिळवलीत. मला मोठी करून हवीत, दीड बाय दोन फूट."

"यान उतरलंय तिथं?"

"नाही, जवळून गेलंय. हजार-अकराशे किलोमीटरवरून."

"म्हणजे लग्नात नवरीचा मामेभाऊ मांडवाच्या दारातून काढतो तसं," विष्णुपंत म्हणाले आणि त्यांनी भिंग लावलं.

यानाची मोठी अँटेना म्हणे उघडलीच नव्हती. लहान अँटेनावरून ते चित्रं रखडत रखडत पाठवत होतं आणि वाटेत तुकडे गळाले होते. काही चित्रांवर काळ्या पट्ट्या आल्या होत्या. तेवढ्या पट्ट्या भरता येतील का, असं अश्लेषानं विचारलं. विष्णुपंत म्हणाले, भरतो की. त्यांनी चित्रांवरून निगेटिव्ह काढून घेतल्या आणि मूळ चित्रं तिला परत दिली, कारण ती पुढे साताऱ्याच्या एका शाळेला द्यायची होती.

त्यांनी पट्ट्या भरल्या. इथे शांत डोक्याचा माणूस थांबला असता. पण पट्टीच्या कडेला एक पांढरा ठिपका होता, तो राहिला तर पट्टी भरल्याचं कळलं असतं, म्हणून त्यांनी तो खरवडला. मग त्याच्या शेजारचा उगाच डोळ्यावर यायला लागला. मग त्याच्या शेजारचा. कॅलिस्टो हा अंगभर खड्डे असलेला गोळा आहे, त्यात सपाट जागा शोधून सापडत नाही. विष्णुपंतांच्या हाताखाली इतका बिघडलेला चेहरा आजवर आला नव्हता, आणि एवढ्या लांबून आलेल्याला तसंच परत पाठवणं त्यांच्या जिवावर आलं. आठ दिवस ते पेटीवरून उठले नाहीत. चहा दिला तर चहा घेत, हाक मारली तर "हनुवटी राहिलीय" म्हणत.

सव्वीस तारखेला अश्लेषा आली. विष्णुपंतांनी नऊ मोठी चित्रं ओळीनं भिंतीला टेकवून ठेवली होती. ती पाहत राहिली. सगळ्यात मोठ्या चित्रात पूर्ण चंद्र होता, आणि तो सोललेल्या अंड्यासारखा दिसत होता.

"पंत, खड्डे कुठे आहेत?"

"खड्डे कसले? वण होते. काढले." आभार मानून घ्यायला संकोच वाटतो तशी त्यांनी मान खाली घातली.

नवऱ्यामुली फोटोला बसत त्या स्टुलावर अश्लेषा बसली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, पण ती वर्गात शिकवते तसं शांतपणे सांगू लागली. "पंत, तो चार अब्ज वर्षांचा आहे. तिथे वारा नाही, पाऊस नाही, काही नाही. ज्यानं ज्यानं त्याला धडक दिली त्या प्रत्येकाची खूण तिथे तशीच आहे. ती पुसायला तिथे कुणीच नव्हतं."

"म्हणूनच मी पुसली," विष्णुपंत म्हणाले. आणि म्हणता म्हणता त्यांच्या लक्षात आलं की काहीतरी भयंकर झालंय.

मूळ चित्रं साताऱ्याहून एव्हाना नागपूरला गेली होती. परवा सकाळी उद्घाटन होतं. त्याला पुण्याचे संशोधक डॉ. वरद आगटे येणार होते. डॉ. आगट्यांनी आयुष्याची दहा वर्षं कॅलिस्टोचे खड्डे मोजण्यात घालवली होती. अश्लेषाच्या डोळ्यांत आता खरोखर पाणी आलं. "ते मला विचारतील, हे काय लावलंय, आणि मी काय सांगू? आठल्यांनी मेकअप केला?"

"थांब," विष्णुपंत म्हणाले. "सगळे माझ्या लक्षात आहेत."

ही थाप नव्हती. काढलेला प्रत्येक वण त्यांच्या लक्षात असे. मंडईत भाजी घेताना समोरून एखादी आजी आली की त्यांना आधी आठवे, बासष्ट साल, डाव्या भुवईखाली दोन, हनुवटीवर एक. नाव मागाहून आठवे, किंवा आठवतही नसे. त्यांनी पट्ट्या सोडून बाकीचं पेन्सिलीचं काम टर्पेंटाइननं पुसून टाकलं तेव्हा खड्ड्यांतल्या काळ्या सावल्या परत आल्या. पांढरे ठिपके चाकूनं गेले होते, ते एकेक आठवून पेन्सिलीनं भरायला ते बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारुलताबाई चहा घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. "जन्मात पहिल्यांदा वण लावताय."

"लावत नाही. ज्याचे त्याला परत देतोय."

"सगळ्यांचेच देणार का?" असं म्हणून त्यांनी कपबशी ठेवली आणि त्या गेल्या. विष्णुपंतांनी पेन्सिलीला टोक केलं आणि पूर्ण चंद्राची निगेटिव्ह पुढ्यात ओढली.

अठ्ठावीसला सकाळी कॉलेजच्या हॉलमध्ये नऊ कॅलिस्टो खड्ड्यांसकट भिंतीवर होते. अश्लेषानं आग्रहाचं आमंत्रण दिलं होतं, म्हणून चारुलताबाईही आल्या होत्या. डॉ. आगटे हा हडकुळा, नम्र तरुण माणूस निघाला. त्यानं भाषण आटोपतं घेतलं, फीत कापली, खिशातून भिंग काढलं आणि पहिल्या चित्रापासून पाहायला सुरुवात केली. आठ चित्रं झाली. "छान," तो म्हणाला. "फार काळजीनं केलंय." विष्णुपंतांचा जीव भांड्यात पडला.

पूर्ण चंद्रासमोर तो थांबला. मग त्यानं बॅगेतून नकाशा काढला. नकाशाकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं, पुन्हा नकाशाकडे पाहिलं.

"हे इथे चार आहेत. एका ओळीत तीन, आणि हा जरा बाजूला. नकाशात नाहीत."

अश्लेषाचा चेहरा पांढराफटक पडला. विष्णुपंत पुढे झाले. वण त्यांच्या हातचे होते यात शंकाच नव्हती, दाब त्यांचाच होता. पण कॅलिस्टोच्या त्या भागावरून त्यांनी असे चार काढलेले नव्हते. मग हे कुणाचे? त्यांनी डोळे मिटून सबंध सांगली आठवून पाहिली. देशपांड्यांच्या मोठ्या सुनेचे? नाही, तिचे उजवीकडे. स्टेशन मास्तरांच्या मेहुणीचे? तिचे पाच होते. चाळीस वर्षांत त्यांच्यावर ही वेळ आली नव्हती. वण समोर होता आणि चेहरा सापडत नव्हता.

"अहो," मागून आवाज आला. "ते माझे आहेत."

सगळे वळले. चारुलताबाई उभ्या होत्या आणि त्यांचा हात डाव्या गालावर होता.

"आपले काय?" डॉ. आगट्यांनी अदबीनं विचारलं.

"वण. हे तीन, आणि हा नाकाजवळचा. देवीचे आहेत." विसरलेली छत्री परत मागावी इतक्या साध्या आवाजात त्या बोलत होत्या.

डॉ. आगटे खरा शास्त्रज्ञ होता. तो हसला नाही. "आपली परवानगी असेल तर," असं म्हणून त्यानं भिंग चारुलताबाईंच्या गालाजवळ नेलं, मग चित्राजवळ नेलं, मग पुन्हा गालाजवळ. हॉलमध्ये शंभरेक पोरं आणि सगळा शिक्षकवर्ग श्वास रोखून उभा होता.

"जुळतात," तो म्हणाला. "अंतरंसुद्धा जुळतात. पंत, आपण समोर बसवून काढलेत का हे?"

विष्णुपंत म्हणाले, "नाही. हात गेला."

मग हे चार काढायचे की चित्रच उतरवायचं, यावर चर्चा झाली. विष्णुपंत म्हणाले, चित्र उतरवा, पण ते चार मी काढणार नाही. चेहऱ्यावरचा डाग काढायला त्यांनी नकार दिला, असं सांगलीत पहिल्यांदा घडत होतं, पण ते कळायला तिथे शौनक नव्हता. तोड डॉ. आगट्यांनी काढली. त्यानं एका कार्डावर सुवाच्य अक्षरात लिहून ते चित्राखाली लावलं. 'डावीकडील चार विवरे स्थानिक आहेत.' पोरांनी ते वहीत उतरवून घेतलं. अश्लेषाला पुढच्या वर्षीच्या प्रदर्शनाचंही काम मिळालं, हे तिचं नशीब चांगलं की वाईट कोण जाणे.

रिक्षानं घरी येताना राममंदिर चौक आला.

"तुम्ही म्हणाला होतात, कधी पाहिलेच नाहीत," चारुलताबाई म्हणाल्या.

"हात गेला गं."

"हाताला कुणी सांगितलं कुठे जायचं ते?"

विष्णुपंतांना आनंद झाला होता आणि लाजही वाटत होती, आणि चौसष्टाव्या वर्षी या दोन्हींचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चारुलताबाई वांगी रंगाचं इरकल नेसून स्टुडिओत आल्या आणि स्टुलावर बसल्या. "पेन्सिल आणि चाकू शौनककडे द्या," त्या म्हणाल्या. विष्णुपंतांनी दिले. लाकडी कॅमेऱ्यावरची धूळ पुसून त्यांनी फोटो काढला. निगेटिव्ह धुतली, वाळत घातली, आणि ती वाळेपर्यंत ते दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. मग एकही रेघ न ओढता त्यांनी प्रिंट काढली.

चारुलताबाईंनी ती ओली प्रिंट हातात घेतली आणि बघितली.

"ही कोण म्हातारी?"

विष्णुपंत घाईनं म्हणाले, "चारू, अगं तूच. मी हात लावलेला नाही, शौनकला विचार."

"मीच ते कळतंय हो. पण बावीस वर्षांची उठून गेले होते, ती एकदम ही." त्या प्रिंट घेऊन खिडकीशी गेल्या. ओळीतल्या तिघांवरून, मग बाजूच्यावरून त्यांचं बोट फिरलं. गालाची कातडी सैल झाली होती, डोळ्याखाली सुरकुत्या होत्या, पुढचे केस विरळ होते. काही म्हणता काही सुटलं नव्हतं.

"तुम्हाला रोज हीच दिसते?"

"हो."

"आरसा मीही बघते रोज. पण आरशात मीच मला बघत असते." त्यांनी प्रिंट जरा लांब धरली. "आपल्याकडे कुणी बघत असलं तर आपण कशा दिसतो, ते मला माहीतच नव्हतं."

त्यांनी प्रिंट जपून टेबलावर ठेवली, डोळे पदरानं टिपले आणि शौनकला फ्रेमचं माप घ्यायला सांगितलं.